एकट्याने चित्रीकरण : आधी अटी, मग कॅमेरा

सदर : व्यवहार आणि विवेक

सेवाग्राम आश्रमात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका तरुणाला छायाचित्रणाची ओढ लागली. त्याचे नाव कनू गांधी. महात्मा गांधींच्या पुतण्याचा हा मुलगा आश्रमातील पत्रव्यवहार आणि हिशेबाची कामे पाहत असे. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांच्या प्रेरणेने तो छायाचित्रणाकडे वळला. परंतु आश्रमाच्या पैशातून कॅमेरा घेण्यास गांधीजींनी नकार दिला. पुढे घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. छायाचित्रे काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : झगझगीत फ्लॅश वापरायचा नाही, गांधीजींना छायाचित्रासाठी थांबायला किंवा बसायला सांगायचे नाही, आणि आश्रम या कामाचा खर्च उचलणार नाही.

हाती आलेला कॅमेरा या अटींना शोभणारा होता. रोलायफ्लेक्स छातीशी धरून वरून खाली पाहत चालवायचा असतो. त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही आणि समोरच्यावर रोखून पाहिल्यासारखेही होत नाही. त्याच्या शटरचा आवाज अगदी मंद. एका रोलवर बारा छायाचित्रे मिळत, म्हणून प्रत्येक वेळी विचार करणे भाग. मदतनीस नाही, दिवे नाहीत, खर्चाला हात आखडता. तरीही गांधीजींच्या अखेरच्या दशकाचा अत्यंत जवळून घेतलेला चित्रसंग्रह या एकट्या माणसाच्या हातून उभा राहिला.

सेवाग्रामहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या हिंगणघाटात आज कॅमेऱ्याची खरेदी बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी कॅमेरा येतो. तो कशासाठी, कोण चालवणार आणि कोणत्या परिस्थितीत, हे प्रश्न नंतर सुचतात. जिनिंगमधील नव्या यंत्राची फिल्म परगावच्या गिऱ्हाइकाला पाठवायची असते, दुकानातील नवा माल दाखवायचा असतो, घरातील मंगलकार्य टिपायचे असते. या सर्वांहून मोलाचे एक काम मात्र नेहमी 'पुढच्या दिवाळीला करू' म्हणून मागे पडते. ते म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करण्याचे.

या शेवटच्या कामाची निकड हिंगणघाटात विशेष आहे. कापसामुळे नावारूपाला आलेले हे गाव. येथील जुन्या पेढ्यांवरील माणसे कापूस चिमटीत धरून, धागा ओढून त्याची लांबी सांगत. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत त्यांनी पाहिली आहे. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली, तेव्हा पिढीजात कापसाचा व्यापार करणाऱ्या घरांनी काय सोसले, कोणी कोणता नवा धंदा धरला, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. खंडीचा भाव खतावणीत सापडेल. तो ऐकताना छातीत काय धस्स झाले, ते खतावणीत नसते. आजीच्या मराठीत मध्येच येणारे मारवाडी शब्द, आजोबांची बोलता बोलता थांबण्याची लकब, हेही कोणत्याच वहीत नोंदलेले नसते. यंत्रांचे चित्रीकरण फसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. आजोबांच्या बोलण्याच्या बाबतीत ती खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर अटी लिहाव्यात. कोण बोलणार, किती वेळ, कोणत्या खोलीत, दिवसा की रात्री, आणि कॅमेऱ्यामागे किती माणसे? बहुतेक घरांत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच असते : नातू किंवा नात, आणि तेही सुट्टीत आलेले.

व्यावसायिक चित्रीकरणात निदान चार माणसांची कामे असतात. एक जण चौकट ठरवतो आणि फोकस सांभाळतो, दुसरा आवाज ऐकत राहतो, तिसरा प्रकाश पाहतो, आणि चौथा बॅटरी, मेमरी कार्ड व नोंदी यांवर लक्ष ठेवतो. ही चारही माणसे नसतील तर त्यांची कामे नाहीशी होत नाहीत. ती एकट्या माणसावर येऊन पडतात. शिवाय त्याच्यावर पाचवे काम असते, समोरच्याशी बोलण्याचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. नातवाची नजर पडद्यावरच्या आकड्यांत अडकली की आजोबांना ते लगेच कळते. 'तुझे होऊ दे आधी,' असे म्हणून ते गप्प होतात आणि मग बोलतात ते मोजकेच.

यावरून एकट्या माणसाने कॅमेरा कोणत्या कसोटीवर निवडावा हे स्पष्ट होते. सर्वांत सुंदर चित्र कोणता कॅमेरा देतो, हा प्रश्न नंतरचा. चार अनुपस्थित माणसांपैकी किती जणांचे काम तो भरवशाने करतो, हा पहिला. व्यापारी घराला ही भाषा परकी नाही. नोकर ठेवताना त्याचे रूप पाहत नाहीत. मालक समोर नसताना तो काम नीट करतो का, हे पाहतात.

पहिले काम फोकसचे. आजचे बहुतेक मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा ओळखून फोकस धरून ठेवतात; ही सोय एकट्याला अत्यावश्यक आहे. येथे सेन्सरच्या आकाराचा विचार येतो. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ चा, आणि 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा १३.२ × ८.८ चा. मोठा सेन्सर कमी उजेडात स्वच्छ चित्र देतो आणि मागील भाग मोहक धूसर करतो. परंतु त्याच धूसरपणामुळे आजोबा बोलण्याच्या भरात वीतभर पुढे झुकले की चेहरा फोकसबाहेर जाण्याचा धोका वाढतो. लहान सेन्सरमध्ये पुढचे-मागचे अधिक अंतर स्पष्ट राहते. मदतनीस नसलेल्या माणसासाठी हा दोष नव्हे, आधार आहे. कापसाचा धागा दाखवण्यासाठी आजोबांनी हात लेन्ससमोर आणला, तर कॅमेरा हातावर जाऊन पुन्हा चेहऱ्याकडे परततो का, हे दुकानातच करून पाहावे.

दुसरे काम आवाजाचे, आणि बहुतेक घरगुती चित्रीकरणे येथेच बुडतात. चित्र थोडे अंधुक असले तरी माणसे पाहतात. बोलणे कळले नाही तर दोन मिनिटांत उठतात. कॅमेऱ्यातील अंगभूत माइक आठ-दहा फुटांवरून पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि खोलीतील घुमणारा प्रतिध्वनी हे सर्व सारख्याच भक्तिभावाने नोंदवतो. माइकचे अंतर दुप्पट झाले की बोलणाऱ्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून सदऱ्याच्या किंवा साडीच्या काठाला लावण्याचा छोटा क्लिप माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असावा. वायरचा माइक स्वस्त आणि भरवशाचा असतो. बिनवायरचा हालचालीला मोकळीक देतो, पण त्याची बॅटरी सांभाळावी लागते. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्याची जागा हवीच. हेडफोन जोडण्याचीही जागा असेल तर आवाज येतो आहे की नाही हे त्याच वेळी कळते. उदाहरणार्थ, सोनीच्या झेडव्ही-ई१० या कॅमेऱ्याला माइक आणि हेडफोन या दोन्ही जोडण्या आहेत. कॅननच्या आर५० ला माइकची आहे, हेडफोनची नाही. जाहिरातीत हा फरक ठळकपणे दिसत नाही, एकट्या माणसाला मात्र तो पदोपदी जाणवतो. हेडफोनची सोय नसेल तर आरंभी मिनिटभर चित्रीकरण करून, ते ऐकून, मगच पुढे जावे.

तिसरे काम प्रकाशाचे. कनू गांधींच्या पहिल्या अटीत येथेही शहाणपण आहे. वृद्ध डोळ्यांवर दिव्याचा झोत टाकला की माणूस अवघडतो. त्याऐवजी आजोबांना सकाळच्या खिडकीजवळ, उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल असे बसवावे. दुसऱ्या बाजूला, चौकटीबाहेर, खुर्चीवर पांढरी चादर टाकली तर सावली सौम्य होते. ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करावेच लागले तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींचे आणि शटर १/५० सेकंदाचे ठेवले, तर चित्रात पट्टे आणि लुकलुक येत नाही. बहुतेक फोन मुळात ३० चौकटींवर लावलेले असतात. चित्र लुकलुकू लागले की दोष फोनला लागतो, चूक मात्र जुळणीची असते.

चौथे काम देखरेखीचे. छायाचित्रणासाठी घडवलेल्या अनेक जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबते. त्यामागे तंत्रापेक्षा जकातीचा हिशेब होता. तीस मिनिटे किंवा अधिक चित्रीकरण करणाऱ्या यंत्रावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचा वेगळा कर लागे, म्हणून उत्पादकांनी ही मर्यादा घातली. जुना कॅमेरा घेणाऱ्याने हे आवर्जून विचारावे. आजोबा एकतिसाव्या मिनिटाला १९७२ वर आले आणि कॅमेरा अगोदरच थांबलेला होता, ही हानी भरून येत नाही. चित्रीकरण चालू असतानाच यूएसबीवरून वीज घेता येणे ही तितकीच मोलाची सोय. पडदा पुढे वळणारा असला तर कॅमेऱ्यासमोर बसलेल्यालाही लाल खूण दिसते आणि उठून पाहावे लागत नाही.

विदर्भाचा उन्हाळा ही स्वतंत्र अट मानावी. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस तापमान दिलेले असते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेला छोटा कॅमेरा मध्येच बंद पडतो, आणि लांबलचक ४-के चित्रीकरणात तो लवकर तापतो. घरच्या आठवणींसाठी १९२० × १०८० चे चित्रही पुरेसे असते, त्यात यंत्र कमी तापते आणि जागाही कमी लागते. जिनिंगमध्ये चित्रीकरण करायचे असेल तर उडणाऱ्या रुईचा विचार करावा. तेथे लेन्स बदलू नये. सेन्सरवर बसलेला तंतू पुढच्या प्रत्येक चित्रात दिसत राहतो. अशा ठिकाणी न बदलता येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा किंवा फोनच बरा.

आता प्रकार. हाती असलेला चांगला फोन, एक क्लिप माइक आणि पक्का ट्रायपॉड एवढ्यावर आठवणींचे चित्रीकरण उत्तम होते. ज्या घराने अद्याप एकही तास चित्रित केलेला नाही, त्याने यापुढे जाण्याची घाई करू नये. चालत-फिरत दुकान किंवा गोदाम दाखवायचे असेल, तर दांड्यावर स्थिर राहणारा छोटा कॅमेरा सोयीचा. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हा त्या जातीचा. त्यात एक इंची सेन्सर आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यांत्रिक रचना आहे. नियमितपणे मालाची चित्रे आणि मुलाखती दोन्ही करायच्या असतील, तर एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा योग्य. आणि दोन-तीन तासांची व्याख्याने, संमेलने किंवा मंगलकार्ये एका जागेवरून टिपायची असतील, तर आज कोणी फारसे नाव न घेणारा कॅमकॉर्डर अजूनही शहाणा पर्याय आहे : लांब पल्ल्याचा झूम, मोठी बॅटरी, आणि तासन्‌तास न थांबता चालण्यासाठीच केलेली रचना.

कॅमेऱ्याची किंमत म्हणजे चित्रीकरणाचा खर्च नव्हे, हा धडा महाराष्ट्राच्या पहिल्या चित्रकारानेच घालून दिला आहे. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी लंडनहून २१ गिनींना चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. पण फिल्म धुण्यासाठी पुन्हा लंडनलाच पाठवावी लागली. आजचे 'लंडन' म्हणजे साठवण. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण केले तर तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. चार बैठकींचे सहा तास म्हणजे २७० गिगाबाइट. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत, ठेवल्या तरच काम झाले म्हणावे. मेमरी कार्डवर व्ही३० ही खूण असावी. ती सेकंदाला किमान ३० मेगाबाइट अखंड लिहिण्याची हमी असते. अंदाजपत्रकातील निम्मी रक्कम कॅमेऱ्याला आणि उरलेली माइक, ट्रायपॉड, कार्डे व डिस्क यांना, असा ढोबळ नियम ठेवला तर पस्तावण्याची वेळ सहसा येत नाही.

भांडवल घालण्यापूर्वी चाचणी घ्यावी, हे तर दादासाहेब फाळके यांनी दाखवून दिले. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले; पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या अंकुराची वाढ दिवसामागून दिवस, एकेक चौकट घेत टिपली. नट नाहीत, दिवे नाहीत, मदतनीस नाहीत. रोप पडद्यावर भराभर वाढताना पाहिल्यावर कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे नाजूक काम पत्नी सरस्वतीबाई घरीच अंधारात बसून करीत. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट लोकांसमोर आला, त्यामागे घरातले हे हात होते.

यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, कॅमेरा विकत घेण्यापूर्वी तो एक दिवस भाड्याने आणावा, कोणा परिचिताकडून मागून घ्यावा, आणि ज्या खोलीत, ज्या उजेडात काम करायचे तेथेच तासभर चालवून पाहावा. तो तास संपल्यावर चित्र कसे आले हे तर पाहावेच, पण त्या तासात किती वेळा उठावे लागले हेही मोजावे. जो कॅमेरा कमी वेळा उठवतो, तो आपला. दुसरी, 'मदतनीस नाही' म्हणजे घरात माणसे नाहीत असे नव्हे. सून हेडफोन लावून आवाज ऐकू शकते, दहा वर्षांचा मुलगा चादर धरू शकतो, आणि आजीपेक्षा चांगला प्रश्न विचारणारे कोणी नसते. एवढे हात आले की नातवाला समोर नीट पाहता येते.

शेवटची अट परवानगीची. अनेक साधू-साध्वी विद्युत-उपकरणांचा वापर टाळतात. माइक, दिवे किंवा कॅमेरा त्यांना मान्य नसतो. तेथे आधी विचारावे, आणि नकार आला तर वही-लेखणी पुरेशी मानावी. घरातील वृद्धांनाही हाच न्याय लावावा. कोणती गोष्ट नोंदवायची नाही हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. कनू गांधींना सर्वत्र मोकळीक होती. तरी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत असताना गांधीजींनी छायाचित्र काढू दिले नाही. तो क्षण टिपला गेला नाही, आणि त्यामुळे त्या संग्रहाचे मोल तसूभरही घटले नाही.

अटींच्या कागदावर या सर्वांच्या वर एक ओळ लिहावी : पहिल्या बैठकीची तारीख. कॅमेरा त्या तारखेपर्यंत ठरला तर ठीक. नाही ठरला, तर घरातला फोन खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावा, क्लिप माइक सदऱ्याला लावावा आणि आजोबांना कापसाच्या पहिल्या सौद्याबद्दल विचारावे. नवा कॅमेरा पुढच्या वर्षी याहून चांगला निघेल. आजोबा मात्र आज सकाळी, चहा झाल्यावर, बोलायला बसलेले आहेत.